एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा फॉर्म

छत्रपती संभाजीनगर,
१६ मार्च

तीर्थस्वरूप नानामामांना सुरेखाचा अगदी वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. कमरेत उसण भरली, ती अजून उतरलेली नाही. तिचा संबंध एका पोत्याशी आहे, आणि पोत्याचा संबंध तुमच्याशी आहे. सगळं ओळीनं सांगते.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडं बघता? अद्रक निघाली का सगळी? तांबडी गाय व्याली असेल, तर कालवड की गोऱ्हा ते कळवा. द्वारकामामींना नमस्कार सांगा, पण हे पत्र मात्र त्यांना दाखवू नका. पुढं दोनचार ठिकाणी त्यांचं नाव येणार आहे, आणि त्या आधीच पुष्कळ कामात असतात. फोन करायचा सोडून ही पोरगी पत्र का लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. तर मामा, तुमच्याशी फोनवर बोलायला लागलं की तुम्ही दुसऱ्या मिनिटाला "थांब, तुला एक व्हिडिओ पाठवतो" म्हणून फोन ठेवता. गेल्या दिवाळीपासून तुम्ही मला साप आणि मुंगूस यांचे एकोणीस व्हिडिओ पाठवलेत. (अकरावा चांगला होता.) म्हणून म्हटलं, कागदच बरा. कागद मधेच कट करता येत नाही.

आता मूळ विषय. तुम्ही गावात सगळ्यांना सांगता की आमची सुरेखा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ते बरोबर आहे, पण अर्धंच. मी माहिती प्रणाली शिकवते, म्हणजे माहिती गोळा कशी करावी, साठवावी कशी, आणि ज्याला हवी त्याच्यापर्यंत ती पोचवावी कशी. आणि पीएचडीसाठी त्यातच संशोधनही करते. शेतकरी अशा प्रणाली वापरतात का, आणि नसतील वापरत तर का नाही, हा माझा विषय. सात वर्षं झाली. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली, ती या एकतीस मार्चला संपत होती. पीएचडी झाली नाही तर माझी ही जागा कायम होत नाही, आणि जूनमध्ये माझ्या खुर्चीवर कुणीतरी दुसरी सुरेखा येऊन बसते. म्हणजे हे सगळं हसण्यावारी सांगत असले, तरी ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आमचे विभागप्रमुख आणि माझे गाईड एकच आहेत, दत्तोपंत सर. (नाव आजोबांचं ठेवलंय, वय छप्पन्नच.) सज्जन माणूस, पण एका बाबतीत सोवळं फार कडक. शिकवणं वेगळं आणि संशोधन वेगळं, एकाचा स्पर्श दुसऱ्याला होता कामा नये. शिकवायचं दुसऱ्या मजल्यावर, संशोधन तळमजल्यावर. शिकवण्याचा पेनड्राइव्ह निळा, संशोधनाचा लाल. वर पोरांसमोर संशोधनाची गोष्ट काढली तर अभ्यासक्रम मागं पडतो, आणि खाली संशोधनात पोरांची गोष्ट काढली तर दर्जा खाली येतो, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो, त्यात प्रश्न असतो: आपल्या संशोधनाचा अध्यापनाशी संबंध काय? मी दरवर्षी "घनिष्ठ" असं लिहिते आणि सर खाली सही करतात. गेली सहा वर्षं मी सकाळी आठ वाजता दुसऱ्या मजल्यावर "माहिती गोळा करताना होणाऱ्या चुका" हा धडा शिकवते, एकूण अकरा चुका, उदाहरणांसकट. आणि अकरा वाजता खाली जाऊन त्यातल्या दहा करते. एक राहिली होती, ती जानेवारीत तुमच्या मळ्यात झाली.

तो हुरडा आठवतोय ना? नाही कसा आठवणार! मी तुम्हाला एवढंच म्हटलं होतं की आमचं ते अद्रकीच्या रोगाचं ॲप आहे, पानाचा फोटो काढला की रोग कोणता आणि उपाय काय ते सांगणारं, तर त्याबद्दल आपल्या पिशोरातल्या पन्नासेक शेतकऱ्यांना चार प्रश्न विचारायचेत. (चार म्हणजे चाळीस. ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.) तुम्ही म्हणालात, ये रविवारी. मी आले तर मळ्यात जत्रा भरलेली! आगट्या पेटलेल्या, कणसं भाजली जातायत, लसणाची चटणी, दही, गूळ, वांग्याचं भरीत, आणि तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून लोकांना हाका मारताय. तीनशे तेरा माणसं, मामा! मी पेनं आणली होती साठ. बाकीचे दोनशे त्रेपन्न जण तीच पेनं आळीपाळीनं वापरत होते, आणि मी त्यांच्या मागं मागं पळत होते. तरी दोन तासांत तीनशे तेरा फॉर्म भरून तयार. मला रडूच आलं. जगातल्या कुठल्याही संशोधकाच्या मामानं भाचीसाठी एवढं केलं नसेल, असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि आजही तेच म्हणते. मला एका गोष्टीचं तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं. कुणीतरी तुमच्या फोनवर त्या ॲपनं चटणीचाच फोटो काढला होता, आणि ॲपनं "पीक तातडीनं उपटून नष्ट करा" असा सल्ला दिला होता. तरी "ॲपचा सल्ला अचूक असतो" या प्रश्नापुढं सगळ्यांनी "पूर्ण सहमत"वर टिक केली होती. पण मी भरीत खात होते. भरीत खाताना माणसाला शंका येत नाहीत.

फॉर्मांनी भरलेलं पोतं घेऊन मी शहरात आले. फेब्रुवारीभर आकडे कॉम्प्युटरवर चढवले. निकाल असा आला की दत्तोपंत सरांनी स्वतः गुलमंडीवरून पेढे आणले. तीनशे बारा लोक प्रत्येक बाबतीत पूर्ण सहमत! फक्त एक फॉर्म, एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा, चाळीसही प्रश्नांना "पूर्ण असहमत". सर म्हणाले, या एका व्यक्तीला प्रश्न समजलेले दिसत नाहीत, अपवाद आहे, काढून टाका. मला वाटलं, फॉर्म उलटा धरून भरला असेल. काढून टाकला. (मामा, हे वाक्य लक्षात ठेवा. का ते पुढं येईल.)

मग उजाडला मागचा मंगळवार. आमच्या नळाला पाणी येण्याचा तो दिवस, म्हणजे आठवड्याचा सणच. हंडे, बादल्या, पिंप, पातेली, शेवटी चहाची किटलीसुद्धा भरून मी ओल्या साडीनं धावत आठच्या तासाला पोचले, पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर आकडे आले, आणि मी बोलायला लागले. नेहमीचं उदाहरण एका काल्पनिक कारखान्याचं असतं, दोनशे काल्पनिक कामगारांचं. मी म्हटलं, बघा मुलांनो, यात चुका शोधा. समोर बासष्ट पोरं. ती कधी काही शोधत नाहीत, म्हणून मी फळा पुसायला वळले. तेवढ्यात मागच्या बाकावरून सत्यभामा उभी राहिली. देवगाव रंगारीची पोरगी, बोलते कमी, पण बोलली की नेम चुकत नाही.

"मॅडम, हे काय गौडबंगाल हाय? ह्या मानसाला सात नंबरला ॲप लई सोपं वाटतंय, आन तेवीस नंबरला लई अवघडबी वाटतंय. दोन्हीकडं पूर्ण सहमत."

मी वळून पडद्याकडं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की निळ्याच्या ऐवजी लाल लावलाय. काल्पनिक कारखाना घरी राहिला होता. पडद्यावर अख्खं पिशोर होतं.

पुढच्या पाच मिनिटांत जे झालं त्याला वर्ग म्हणत नाहीत, आठवडी बाजार म्हणतात. एरवी तोंड न उघडणारी पोरं बोलायला लागली. एक जण ओरडला, "मी हे ॲप रोज वापरतो" याला पूर्ण सहमत, आणि "माझ्याकडे स्मार्टफोन नाही" यालाही पूर्ण सहमत! दुसऱ्यानं शोधलं की "मी अद्रक लावत नाही" यालाही सगळे सहमत आहेत. हसून हसून पोरं बाकांवर पडली. आणि खरं सांगू? मलाही हसू आलं. माझी सात वर्षं समोर पडद्यावर उताणी पडली होती आणि मी टेबल धरून हसत होते. हसता हसता मधेच कळलं की डोळ्यांतून पाणी येतंय ते हसण्याचं नाही.

सत्यभामा मात्र हसत नव्हती. हे फॉर्म पिशोरला हुरड्यात भरून घेतले, एवढं मी तोवर बोलून गेले होते. ती म्हणाली, तिची आत्या गोजरबाई पिशोरलाच दिलेली आहे, हुरड्याला गेली असंल, तिलाच इचारू. आणि मी नको म्हणायच्या आत तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला. बासष्ट पोरं श्वास रोखून ऐकतायत, आणि गोजरबाईंचा आवाज वर्गभर घुमतोय: "व्हय, गेल्ते की! नानासाहेब ट्रालीत हुबे ऱ्हाऊन म्हनले, आपल्या पोरीची परीक्षा हाय, समद्यांनी पैल्या घरात टिक करा, कुनी वंगाळ लिवू नका. आता त्यांच्या मळ्यात बसून हुरडा खायाचा आन त्यांच्याच भाचीला नाय म्हनायचं, आसं कुठं आसतंय व्हय?" आणि मग जरा थांबून: "पास झाली का पोरगी?"

मामा, मी तेव्हा पेनं गोळा करत फिरत होते, म्हणून तुमचं ते भाषण मला ऐकू आलं नव्हतं. मी तुमच्यावर रागावलेली नाही. सुरुवातीला होते, साधारण पावणेनऊ ते नऊ. नंतर कळलं की चूक माझीच. माणसांना जेवायला घालायचं आणि मग आमचं कसं काय वाटलं ते विचारायचं, याला आपल्याकडं एकच उत्तर असतं. आपले लोक खाल्ल्या मिठाला जागतात, त्यात त्यांचा काय दोष? माझ्या धड्यात हीच चूक नवव्या क्रमांकावर आहे, "उत्तर देणाऱ्यावर उपकाराचं दडपण". सहा वर्षं मी ती काल्पनिक कारखान्याच्या मालकाचं उदाहरण देऊन शिकवली. हुरड्याचं उदाहरण दिलं असतं तर पोरांना कळलीही असती, आणि मलाही.

तास संपायला आला तरी सत्यभामा उभीच. म्हणाली, मॅडम, एकशे सत्त्याऐंशीनंतर एकदम एकशे एकोणनव्वद कसं काय? मधला फॉर्म कुठंय?

मग तळमजल्यावर जाऊन आम्ही दोघींनी पोतं ओतलं. (उसण इथं भरली.) तो फॉर्म तळाशी निघाला. कोपऱ्यावर हळदीचा अंगठा. मी आकडे चढवताना नुसत्या खुणा पाहिल्या होत्या, खालचा शेऱ्याचा रकाना वाचलाच नव्हता. कुणीच तो भरला नव्हता, म्हणून मी बघणंच सोडलं होतं. तिथं लिहिलं होतं: "फोटो काढा म्हनता. हात मातीचे आसतात. मोबाईल ह्यांच्या खिशात आन हे पारावर. पानावर ठिपका पडला की पैला मला दिसतो. ॲप चांगलंच आसंल, पन मला कुठं दिसलं? आजून पन्नास जनांच्या भाकरी ऱ्हायल्यात." आणि नाव, स्वच्छ अक्षरात, द्वारकाबाई.

तीनशे तेरा माणसांत त्या दिवशी न जेवलेलं माणूस एकच होतं, मामा. पहाटेपासून चुलीपुढं बसलेलं. तिनं एकटीनं खरं लिहिलं, आणि मी तिला अपवाद म्हणून काढून टाकलं. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी सात वर्षं हिंडले, ते त्या अंगठ्याशेजारी सहा ओळींत लिहून ठेवलेलं होतं. रोग जिला दिसतो तिच्या हातात फोन नाही, आणि ज्याच्या हातात फोन आहे तो साप-मुंगूस बघतोय. (राग मानू नका. सगळे मामा असेच असतात.) लहानपणी परीक्षेच्या दिवसांत मी तुमच्याकडं यायची, तेव्हा मामी मला पाढे म्हणायला लावून स्वतः भाकरी थापायच्या, आणि चुकलं की तव्यावरून नजर न काढता नुसतं "हं?" म्हणायच्या. तो फॉर्म वाचला तेव्हा मला तेच ऐकू आलं. फार लाज वाटली.

दत्तोपंत सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत आणि लावत बसले. मग म्हणाले, शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत, प्रबंध सादर करण्याआधीचं शेवटचं व्याख्यान आहे. तो सात नंबर, तेवीस नंबर आणि तसले प्रश्न तेवढे काढून टाका, बाकी उत्तम आहे. वाईट मनानं नाही म्हणाले. माझी खुर्ची त्यांच्याही डोळ्यांसमोर होती. मीही हो म्हणून आले. दोन दिवस मन घट्ट करत होते.

शुक्रवारी सभागृह भरलेलं. परीक्षक भारदस्त, सोनेरी काड्यांचा चष्मा. माझा तिसराच तक्ता बघून ते खूश होऊन म्हणाले, तीनशे बारापैकी तीनशे बारा, असा प्रतिसाद मी आयुष्यात पाहिला नाही! टाळ्या पडल्या. आणि मामा, काय झालं मला ठाऊक नाही, पण मागच्या रांगेत सत्यभामा बसली होती. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडून आठच्या तासाचा आवाज निघाला. मी म्हटलं, सर, टाळ्या वाजवू नका, यात एक चूक आहे, शोधा बघू. परीक्षक दचकले. मी खडू मागितला. तिथं फळा नव्हता, तर पडद्याच्या शेजारच्या भिंतीवरच लिहायला लागले. अकराच्या अकरा चुका, सगळ्या माझ्याच, चढत्या क्रमानं. ट्रॉली, भरीत, चटणीचा फोटो, गोजरबाईंचा फोन, आणि शेवटी मामींचा फॉर्म, हळदीच्या अंगठ्यासकट मोठा करून पडद्यावर. चाळीस मिनिटं बोलले. एवढं चांगलं मी उभ्या जन्मात शिकवलेलं नाही, आणि एवढं खरं संशोधनही कधी मांडलेलं नाही. लाल आणि निळा दोन्ही पेनड्राइव्ह त्या वेळी माझ्या एकाच मुठीत होते.

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, हा चुकांचा धडा तुम्ही किती वर्षं शिकवताय? मी म्हटलं, सहा. शिकलात कधी? मी म्हटलं, मंगळवारी.

ते जे हसायला लागले ते चहा येईपर्यंत थांबले नाहीत. निकाल असा की तीनशे बारा फॉर्म रद्द, प्रबंध नामंजूर नाही पण मंजूरही नाही, आणि विशेष बाब म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत, नव्यानं माहिती गोळा करायला, एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या फॉर्मपासून सुरुवात करून. ऑक्टोबरपर्यंत खुर्चीही शाबूत. आणि आज सकाळी आठ वाजता वर्गात गेले तर मागच्या बाकावर सत्यभामाच्या शेजारी दत्तोपंत सर वही उघडून बसलेले! त्यांना दुसऱ्या मजल्यावर चढताना पाहिलेला माणूस कॉलेजात आता हयात नाही, असं आमचा शिपाई म्हणतो. तास संपल्यावर सरांनी एक शंका विचारली. चांगली होती.

असो. भिंतीवरचा खडू निघत नाही म्हणून मला नोटीस आलीय, तेवढी एक किरकोळ काळजी सोडली तर मी मजेत आहे. गुडघ्याला तेल लावा, घरात सर्वांना नमस्कार.

तुमची लाडकी (आणि अद्याप पास न झालेली) भाची,
सुरेखा

ता. क. गोजरबाईंना सांगा, पोरगी अजून पास झाली नाही, पण या वेळी अभ्यास चांगला चाललाय.

ता. क. २. खरं काम सांगायचं राहिलंच. पुन्हा माणसं जमवू नका, हुरडा नको, ट्रॉली तर अजिबात नको. फक्त तुमचा मोबाइल थोडे दिवस द्वारकामामींना द्या. त्यांनी तो कंबरेला पिशवीत अडकवून शेतात न्यायचा, ठिपका दिसला की फोटो काढायचा, आणि ॲप चुकलं की मला शिव्या द्यायच्या. तुमच्यासाठी मामींचा बटणांचा फोन आहेच, वाजतो छान. थोडे दिवस म्हणजे अद्रक लावल्यापासून दसऱ्यापर्यंत.

ता. क. ३. हे पत्र टपालानं न पाठवता सत्यभामाच्या हाती पाठवते आहे. शनिवारी ती गावी येईल, तेव्हा आधी आत्याकडं पिशोरला येऊन मामींना ॲप शिकवूनच घरी जाईल. तिला बजावलंय की पाकीट आधी मामींच्या हातात द्यायचं आणि त्यांचं वाचून झालं की मग तुमच्या. तेव्हा मामा, तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर जरा खिसा चाचपून बघा.